अँटिबॅक्टेरियल साबणांची तुलना: नुसते झोन मोजून उत्तर मिळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. टीवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या एका मुलीने प्रोजेक्टसाठी चार अँटिबॅक्टेरियल साबण आणि एक साधा साबण घेतला, प्रत्येकाचं १० टक्क्यांचं द्रावण केलं, मुलर-हिंटन अगारवर (बॅक्टेरिया वाढवायचं जेलीसारखं माध्यम) स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि ई. कोलाय पसरून वेलमध्ये, म्हणजे अगारमध्ये पाडलेल्या भोकात, ते द्रावण टाकलं आणि दुसऱ्या दिवशी झोन, म्हणजे वेलभोवतीचे बॅक्टेरिया न वाढलेले स्वच्छ गोल, मोजले. स्टॅफवर एका साबणाचा २४ मिमी, दुसऱ्याचा १७, साध्या साबणाचा १३, कडुनिंबवाल्याचा ९, आणि पाचव्याचा, जो सगळ्यात महाग होता, त्याचा झोनच नाही. ई. कोलायवर जवळजवळ कुणाचंच काही नाही. सोबत तिने हात धुण्याआधी आणि धुतल्यावर बोटं प्लेटवर टेकवली तर धुतल्यानंतर कॉलनी जास्त आल्या. तिला विचारायचंय की २४ मिमीवाला साबण बेस्ट असं लिहू का, आणि बोटांच्या प्लेटचं काय करू. शिवाय घरात सहा महिन्यांचं बाळ आहे, तर आई विचारतेय कुठला साबण आणायचा.

तू झोन नीट मोजले असशील याबद्दल मला शंका नाही, पण त्यावरून कुठला साबण हातावरचे बॅक्टेरिया जास्त मारतो हे निघत नाही, कितीही प्लेटा लावल्यास तरी नाही. आविष्कार संशोधन स्पर्धेपासून कॉलेजच्या सायन्स एक्झिबिशनपर्यंत हा प्रोजेक्ट दरवर्षी येतो आणि बहुतेक पोस्टरवर शेवटी हेच लिहिलेलं असतं की अमुक साबण नंबर एक, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं कारण मुलं मेहनत पूर्ण करतात, फक्त प्रश्न एक विचारतात आणि प्रयोग दुसऱ्याच प्रश्नाचा करतात. तुझ्या हातात अजून वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितेय.

झोन म्हणजे काय ते आधी बघ. वेलमधलं रसायन अगारमधून बाहेर सरकत जातं, जिथपर्यंत त्याचं प्रमाण पुरेसं राहतं तिथपर्यंत वाढ होत नाही. टीपकागदावर शाईचा थेंब टाकला तर डाग किती पसरला यावरून शाई पातळ होती की घट्ट आणि कागद कसा होता हे कळतं, ती शाई किती टिकाऊ आहे ते कळत नाही, तसंच आहे हे. ट्रायक्लोकार्बन, म्हणजे लेबलवर कधीकधी टीसीसी लिहिलेलं असतं ते, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मग ते अगारमधून सरकणार कसं? त्याचा झोन छोटाच येणार. बेंझाल्कोनियम क्लोराइड किंवा क्लोरहेक्सिडीनसारखी धन प्रभाराची रसायनं असतील तर अगारमध्येच ऋण प्रभाराचे सल्फेट गट असतात, ते त्यांना धरून ठेवतात, म्हणजे परत झोन लहान, प्रत्यक्षात ती मारण्यात ट्रायक्लोसानपेक्षा जलद असली तरी. आणि ट्रायक्लोसान उलट, स्टॅफची वाढ अगदी किरकोळ प्रमाणात असतानाही थांबवतं, त्यामुळे त्याचे झोन भलेमोठे दिसतात. तुझा २४ मिमीवाला आणि शून्यवाला यांच्यात फरक मारण्याचा आहे की सरकण्याचा, हे त्या प्लेटकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही. डिस्क डिफ्यूजनची किर्बी-बाऊअर पद्धत १९६६ साली आली ती अँटिबायोटिकसाठी, तिथे प्रत्येक औषधाच्या झोनचा संबंध एमआयसीशी, म्हणजे वाढ थांबवणाऱ्या कमीत कमी प्रमाणाशी, आणि पेशंट बरा होण्याशी जोडून तक्ते बनवलेले आहेत. साबणासाठी असा कुठलाही तक्ता नाही, म्हणून २० मिमीच्या वर सेन्सिटिव्ह वगैरे लिहू नकोस.

आता एक छोटी गोष्ट उद्याच करून बघ, त्या जुन्या प्लेटा अजून फ्रीजमध्ये असतील तर. २४ मिमीच्या झोनमध्ये, वेलच्या कडेपासून थोडं लांब पण झोनच्या आतच, जिथे अगार काचेसारखा स्वच्छ दिसतोय तिथे लूपने हलकेच खरवड आणि ते न्यूट्रलायझर घातलेल्या ब्रॉथमध्ये टाक (न्यूट्रलायझरचं खाली सांगते), रात्रभर ३७ अंशाला ठेव. सकाळी ट्यूब गढूळ झालेली असेल तर तिथले बॅक्टेरिया मेलेलेच नव्हते, फक्त वाढायचे थांबले होते. प्लेट उजेडासमोर तिरकी धरलीस तर बऱ्याचदा झोनच्या कडेला एक धुरकट पट्टा दिसतो, पूर्ण साफ पण नाही आणि पूर्ण दाट पण नाही, तिथूनही घे. ही एवढी एक ट्यूब तुझ्या प्रोजेक्टमध्ये घातलीस तरी ते इतरांपेक्षा वेगळं होईल, कारण मारणं आणि थांबवणं यातला फरक तू डोळ्यांनी दाखवलेला असेल.

दुसरी अडचण वेळेची. अगारवर साबण आणि बॅक्टेरिया १८ तास एकत्र असतात. बेसिनपाशी आपण किती वेळ असतो? फेस आणून चोळायला २० सेकंद लावणारा माणूससुद्धा मी क्वचित बघते. कोरिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं, ०.३ टक्के ट्रायक्लोसानवाला साबण आणि तोच साबण ट्रायक्लोसानशिवाय, बॅक्टेरियाच्या २० जातींवर, २० सेकंद, साध्या आणि गरम पाण्याच्या तापमानाला. दोघांत लक्षात घेण्यासारखा फरक आला नाही. तोच संपर्क ९ तास ठेवला तेव्हा मात्र ट्रायक्लोसानवाला स्पष्ट पुढे गेला. म्हणजे तुझ्या प्लेटवर जे दिसतं ते खोटं नाही, ते १८ तासांचं खरं आहे, पण ९ तास हाताला साबण लावून कुणी बसत नाही.

साध्या साबणाला १३ मिमी आला त्याने तू गोंधळलीस, पण माझ्या दृष्टीने तुझ्या अख्ख्या टेबलमधला सगळ्यात बोलका आकडा तोच आहे. साबण म्हणजे फॅटी ॲसिडचं सोडियम मीठ, त्याच्या पाण्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो, आणि खोबरेल किंवा पामकर्नल तेलातून येणारं लॉरिक ॲसिड स्टॅफसारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जातींना स्वतःच त्रास देतं. ई. कोलायला बाहेरचं आवरण असतं, तिला तेवढं काही होत नाही, म्हणून तिथे तुला जवळजवळ शून्य आलं. म्हणजे बाकीच्या साबणांच्या झोनमध्येही काही भाग अँटिबॅक्टेरियल रसायनाचा नाही, साबणाचाच आहे. हे वेगळं काढायचं तर तेवढ्याच पीएचचा अल्कलाइन बफर एका वेलमध्ये टाक. साबणात ॲसिड घालून पीएच ७ करायला जाऊ नकोस, फॅटी ॲसिड बाहेर पडून ते दही होऊन बसतं आणि मग तू साबण टेस्ट करतच नसतेस.

आणि वडीचं १० टक्क्यांचं द्रावण! ते गरम असताना पातळ असतं, पण गार झालं की जेलीसारखं धरतं, त्यात एसी लॅब असेल तर बघायलाच नको. वेलमध्ये काही साबण जेली झाले आणि काही पातळ राहिले असतील तर झोनमधला फरक तिथेच आला. वडी किसून १ किंवा २ टक्के घे, ३५-४० अंशाला विरघळव आणि त्याच तापमानाला वापर. वड्या वड्यांशी आणि लिक्विड हँडवॉश लिक्विडशी ताडून बघ, कारण लिक्विडमध्ये बहुतेक वेळा साबण नसतोच, वेगळे डिटर्जंट असतात, पीएच वेगळा असतो, तिथे वडीचा कंट्रोल चालत नाही. लेबलही नीट वाच. डेटॉलच्या बाटलीतलं अँटिसेप्टिक लिक्विड म्हणजे ४.८ टक्के क्लोरोझायलेनॉल, सॅव्हलॉन लिक्विडमध्ये क्लोरहेक्सिडीन आणि सेट्रिमाइड, पण त्याच नावाच्या वडीत तेच रसायन असेल असं धरून चालू नकोस. क्लोरहेक्सिडीन आणि सेट्रिमाइड धन प्रभाराचे, साबण ऋण प्रभाराचा, दोघं एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात, त्यामुळे साध्या साबणाच्या वडीत ते घालून उपयोगच नाही. जखम साबणाने धुतली असेल तर पाण्याने नीट खळबळून मगच तसलं अँटिसेप्टिक लावायचं ते याचसाठी.

हा वाद काही आजचा नाही. १९०३ साली रिडील आणि वॉकर यांनी डिसइन्फेक्टंटची तुलना फिनॉलशी करायची पद्धत काढली, टायफॉइडच्या बॅक्टेरियावर, स्वच्छ पाण्यात. आपल्याकडे काळ्या फिनाइलच्या डब्यावर अजून आरडब्ल्यूसी छापलेलं असतं ते हेच रिडील-वॉकर कोएफिशंट. पाचच वर्षांनी, १९०८ मध्ये, हॅरिएट चिक आणि मार्टिन यांनी दाखवलं की त्याच टेस्टमध्ये वाळवलेली विष्ठा मिसळली, वेळ ३० मिनिटं ठेवली, की नंबर बदलतात, स्वच्छ पाण्यात पहिला आलेला घाणीत मागे पडतो. हॅरिएट चिक मला फार आवडते, कारण तिने विचारलं की ही वस्तू जिथे वापरली जाणार आहे तिथे काय असतं. हातावर घाम असतो, तेल असतं, बेसनाचं पीठ असतं, आणि बोअरचं जड पाणी असतं. मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी साबणाला फेसच येत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर साबणाची साय धरते आणि बादलीला पांढरा थर बसतो. युरोपियन टेस्टमध्ये मुद्दाम ३०० पीपीएम जडपणाचं पाणी वापरतात. तू डिस्टिल्ड वॉटर वापरलंस, सगळेच वापरतात, पण एक सेट तुमच्या घरच्या नळाच्या पाण्याने, ऑटोक्लेव्ह करून, नक्की कर. ऑटोक्लेव्हमध्ये जडपणा थोडा खाली बसतो, तेव्हा शक्य असेल तर फिल्टरने स्टराइल कर.

मग करायचं काय? सस्पेन्शन टेस्ट. कल्चरचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंड या प्रमाण द्रावणाशी जुळव, म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी पेशी. ९.९ मिली साबणाच्या द्रावणात ०.१ मिली कल्चर टाकलंस की सुरुवातीला मिलीला १५ लाख झाले. हलक्या हाताने फिरव, व्होर्टेक्सवर (ट्यूब जोरात हलवायचं यंत्र) लावलंस तर फेस होऊन पिपेट भरता येणार नाही. बरोबर २० सेकंदांनी आणि परत ६० सेकंदांनी १ मिली काढून ९ मिली न्यूट्रलायझरमध्ये टाक. मग नेहमीची सिरियल डायल्यूशन, ०.१ मिली प्लेटवर पसरव, दुसऱ्या दिवशी ३० ते ३०० कॉलनीवाल्या प्लेटा मोज. सोबत साबणाऐवजी नुसतं स्टराइल पाणी, आणि साधा साबण. हे दोन कंट्रोल नसतील तर बाकीचं केलंस न केलंस सारखंच. २० सेकंद म्हणजे खरंच २० सेकंद, त्यासाठी दोघी जणी लागतात, एक घड्याळ बघायला आणि एक पिपेट धरायला, आणि एका वेळी एकच साबण घ्यायचा. पाच ट्यूबा रांगेत लावून केलं की शेवटच्या ट्यूबला पाऊण मिनिट झालेलं असतं.

न्यूट्रलायझर ही गोष्ट मुलांच्या प्रोजेक्टमध्ये मला जवळपास कधीच सापडत नाही, आणि खरं तर सगळा खेळ तिथे आहे. साबणातून १ मिली काढून तू नुसत्या सलाइनमध्ये टाकलंस तर रसायन त्यासोबत जातंच, डायल्यूशन करताना ते काम करत राहतं, प्लेटवर पसरल्यावरही वाढ रोखत राहतं. ट्रायक्लोसानसारखं असेल तर खूपच पातळ झाल्यावरही रोखतं. मग प्लेटवर कॉलनी आल्या नाहीत की तू लिहिणार २० सेकंदांत सगळे मेले, प्रत्यक्षात ते प्लेटवर उपाशी बसल्यासारखे जिवंत आहेत. म्हणून रसायनाला तिथल्या तिथे निष्प्रभ करायचं. लेसिथिन आणि ट्वीन ८० हे जोडीने बऱ्याच अँटिसेप्टिकना चालतं, आयोडीन किंवा क्लोरीन असेल तर सोडियम थायोसल्फेट. डे-एंगली ब्रॉथ म्हणून सगळं एकत्र असलेलं तयार मीडियम हायमीडिया कंपनीकडे मिळतं, कॉलेजला परवडत नसेल तर साध्या न्यूट्रिअंट ब्रॉथमध्ये लेसिथिन आणि ट्वीन घालून करता येतं. पण ते चाललं का हे तपासायला लागतं, दोन ट्यूबा जास्त. एकीत नुसतं न्यूट्रलायझर आणि थोडे, मोजता येतील एवढेच बॅक्टेरिया, म्हणजे न्यूट्रलायझर स्वतःच विष नाही ना ते कळेल. दुसरीत आधी साबण आणि न्यूट्रलायझर मिसळायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग तेवढेच बॅक्टेरिया टाकायचे. दोन्हीत आकडा नुसत्या सलाइनमध्ये टाकलेल्याइतकाच आला तरच पुढे जा, नाहीतर थांब आणि लेसिथिन वाढव.

आता आकडे कसे वाचायचे. समजा १५ लाखांतून साध्या साबणाने ६० हजार उरले आणि अँटिबॅक्टेरियलने ३० हजार. टक्केवारीत ९६ आणि ९८. लॉग रिडक्शनमध्ये (दर १ लॉग म्हणजे दहापट घट) १.४ आणि १.७. पोस्टरवर अर्धेच बॅक्टेरिया उरले असंही लिहिता येईल आणि ते गणिताने बरोबरही आहे. पण तुझ्या प्लेटवर हा फरक म्हणजे ६० कॉलनी आणि ३० कॉलनी, आणि एकाच ट्यूबमधून तीन प्लेटा लावल्या तरी ४५, ६१, ३८ असं येऊ शकतं हे तू स्वतः बघितलं असशील. ०.३ लॉगचा फरक एका दिवसाच्या एका प्रयोगावरून कुणी मानणार नाही, तीन वेगवेगळ्या दिवशी ताज्या कल्चरवर करून तोच फरक त्याच दिशेने आला तर बोलता येईल. उलट जाहिरातीतलं ९९.९ टक्के म्हणजे ३ लॉग, तुझ्या ट्यूबमध्ये १५०० उरायला हवेत. ते खरंच आलं तर तो मोठा फरक आहे आणि तो लपणार नाही. बघताना हेही बघ की ९९.९ हा आकडा कुठल्या जातीवर, किती वेळात आणि कशाशी तुलना करून. साध्या साबणानेही चांगलं धुतलं तर हातावरून पुष्कळ जातात, मग प्रश्न उरतो त्या रसायनाने त्यात भर किती घातली. युरोपची ईएन १४९९ ही हात धुण्याची टेस्ट याच तत्त्वावर आहे, निरुपद्रवी ई. कोलाय के-१२ हातावर लावतात, एका वेळी साध्या मऊ साबणाने आणि एका वेळी कंपनीच्या साबणाने तेच लोक धुतात, आणि कंपनीचा साबण साध्यापेक्षा सरस ठरला तरच पास. आपल्या मुलांनी एवढी एकच कल्पना उचलली तरी निम्मे प्रोजेक्ट सुधारतील.

बोटांच्या प्लेटांबद्दल. धुतल्यावर कॉलनी वाढल्या म्हणून तू त्या प्लेटा फेकायच्या बेतात आहेस, फेकू नकोस. १९३८ मध्ये फिलिप प्राइस या सर्जनने हातावरच्या जिवाणूंचे दोन गट सांगितले, एक कायम राहणारे आणि एक पाहुणे. कायमचे म्हणजे स्टॅफ एपिडर्मिडिससारखे, कातडीच्या वरच्या थरांत आणि केसांच्या मुळांशी असतात, ते बहुतेकांना काही करत नाहीत. पाहुणे म्हणजे बाहेरून हाताला लागलेले, संडासातून, कच्च्या कोंबडीतून, बसच्या दांडीवरून, आणि जुलाब वगैरे यांच्यामुळे होतात. साबणाने चोळलं की पाहुणे बऱ्यापैकी निघून जातात, पण कातडीच्या वरच्या पेशींचे कण सुटे होतात आणि त्यांच्यासोबत आतले कायमचे रहिवासी वर येतात, हात ओला असेल तर ते प्लेटला आणखी सहज चिकटतात. म्हणून न्यूट्रिअंट अगारवर एकूण कॉलनी मोजल्या तर धुतल्यावर जास्त दिसणं अगदी शक्य आहे. याच बोटांच्या प्लेटा मॅककाँकी अगारवर लाव, तिथे आतड्यातल्या जातींकडेच लक्ष राहील आणि चित्र बदलेल. लंडनमध्ये २०११ साली असाच प्रयोग झाला, स्वयंसेवकांनी सार्वजनिक ठिकाणच्या वस्तूंना मुद्दाम हात लावले, मग काहींनी हात धुतलेच नाहीत, काहींनी नुसत्या पाण्याने धुतले, काहींनी साध्या साबणाने. विष्ठेतून येणाऱ्या प्रकारचे बॅक्टेरिया न धुतलेल्या ४४ टक्के हातांवर सापडले, पाण्याने धुतलेल्या २३ टक्के आणि साध्या, अँटिबॅक्टेरियल नसलेल्या साबणाने धुतलेल्या ८ टक्के. बोट टेकवण्याऐवजी पेट्रीडिशमध्ये १० मिली ब्रॉथ घेऊन त्यात बोटांची टोकं एक मिनिट चोळलीस तर मोजता येण्यासारखा आकडा मिळतो, टेकवताना कोण किती दाबतं त्यावरच निम्मा निकाल ठरतो. हातावर मुद्दाम कल्चर लावायचं असेल तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि फक्त के-१२. स्टॅफ ऑरियस कुणाच्याही हातावर लावायचा नाही, स्वतःच्याही नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे येते, आणि इथे लॅबपेक्षा मोठा पुरावा आहे. कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास झाला, २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. काही घरांना साधा साबण आणि हात धुण्याबद्दल दर आठवड्याला घरी येऊन माहिती, काही घरांना १.२ टक्के ट्रायक्लोकार्बनवाला अँटिबॅक्टेरियल साबण आणि तीच माहिती, आणि काही घरांना यातलं काहीच नाही. साध्या साबणाच्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला, पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाब ५३ टक्क्यांनी आणि कातडीवरचे पुरळ-फोड, म्हणजे इम्पेटिगो, ३४ टक्क्यांनी कमी. अँटिबॅक्टेरियलवाल्या घरांतही तेवढंच, दोन साबणांत लक्षणीय फरक नाही. हा पैसा साबण बनवणाऱ्या कंपनीकडून आलेला होता, तरी निकाल असा, म्हणून मला तो जास्त पटतो. पाणी, गटारं, गर्दी, सगळं आपल्या वस्त्यांसारखंच, त्यामुळे हे परदेशातलं आहे आपल्याला लागू नाही असं म्हणायलाही जागा नाही.

अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बन धरून १९ रसायनं घरगुती वापराच्या अँटिबॅक्टेरियल साबणांतून काढायला लावली, कारण कंपन्यांना ती साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आणि रोज वर्षानुवर्षं वापरायला सुरक्षित असल्याचं दाखवता आलं नाही. बेंझाल्कोनियम क्लोराइड, बेंझेथोनियम क्लोराइड आणि क्लोरोझायलेनॉल या तिघांचा निर्णय तेव्हा पुढे ढकलला. हॉस्पिटलमधली उत्पादनं त्या नियमात नव्हती. रेझिस्टन्सची काळजीही पोकळ नाही, ट्रायक्लोसान नुसतं आवरण फोडतं असं आधी समजत, पण १९९८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट लेव्हींच्या लॅबने दाखवलं की ते ई. कोलायमधल्या फॅटी ॲसिड बनवणाऱ्या एका ठराविक एन्झाइमवर बसतं, आणि त्या एन्झाइमचं जीन बदललं की बॅक्टेरिया त्याला दाद देत नाही. म्हणजे अँटिबायोटिकचंच गणित. आणि स्यूडोमोनास एरुजिनोसाला ट्रायक्लोसान मुळातच फारसं लागू पडत नाही, हेही पोस्टरवर कुणी लिहीत नाही.

तेव्हा आईला सांग, घरात हात धुवायला साधा साबण पुरे, आणि बाळासाठी अँटिबॅक्टेरियल मुळीच नको. बाळाला सौम्य साबण, तोही थोडाच, कातडी कोरडी पडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून. वडी घेताना पाकिटावर टीएफएम, म्हणजे टोटल फॅटी मॅटर, बघा, टॉयलेट सोपमध्ये ग्रेड १ ला कमीत कमी ७६ टक्के, ग्रेड २ ला ७० आणि ग्रेड ३ ला ६० लागतं, आणि बेदिंग बार लिहिलेलं असेल तर तो वेगळा, त्यात साबण कमी असतो. टीएफएमचा बॅक्टेरिया मारण्याशी थेट संबंध नाही, पण पैशाला साबण किती मिळतो ते कळतं. अँटिबॅक्टेरियल धुणं कुणाला लागतं? ऑपरेशनआधी सर्जनने क्लोरहेक्सिडीनने अंघोळ करायला सांगितली असेल, पुन्हापुन्हा गळवं होतात म्हणून स्किनच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, आयसीयूत काम करत असाल, तर. ते त्यांनी सांगितलेलंच आणि सांगितलेल्या दिवसांपुरतंच वापरायचं.

वडी सगळ्यांनी वापरायची किळस वाटते म्हणून लिक्विड घेतात, ते सोयीचं म्हणून जरूर घ्या, पण १९८८ मध्ये वडीवर मुद्दाम ई. कोलाय आणि स्यूडोमोनास लावून लोकांना हात धुवायला दिलं होतं, आणि नंतर कुणाच्याच हातावर ते सापडले नाहीत. वडी फक्त जाळीच्या साबणदाणीत ठेवा, चिखलात नको. बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने अंगठा, नखांच्या कडा आणि बोटांच्या मधली जागा चोळायची, कारण घाईत धुताना हेच राहतं. आणि हात पुसायचं फडकं! ओट्यावरच्या ज्या ओल्या फडक्याने ओटा पुसतात त्यालाच धुतलेले हात पुसणं हे मी घरोघरी बघते, बऱ्या शिकलेल्या घरांतही. ओले हात कोरड्या हातांपेक्षा कितीतरी जास्त बॅक्टेरिया उचलतात आणि देतात, म्हणून हात पुसायला वेगळा कोरडा नॅपकिन, रोज बदललेला. महागड्या साबणाचे जे जास्तीचे पैसे वाचतील त्यात चार नॅपकिन येतील.

घरी बाळ आहे, तेव्हा जाताना लॅबमधला एप्रन बॅगेत घालून नेऊ नकोस आणि प्लेटा तर अजिबात नाही. स्टॅफ ऑरियसच्या प्लेटा लॅबमध्येच, पॅराफिल्म लावून, आणि काम झालं की १२१ अंशाला १५ पौंड दाबाखाली किमान २० मिनिटं, भरलेली पिशवी मोठी असेल तर जास्त वेळ, मगच कचऱ्यात. स्ट्रेन कुणाच्या जखमेतून वगैरे आणलेला वापरत असशील तर आजच बंद कर, पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएमकडून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीकडून (दोन्ही सूक्ष्मजीवांचे संग्रह) नंबर असलेला स्ट्रेन मागव, कॉलेजच्या लेटरहेडवर मिळतो. यायला वेळ लागतो, तेवढ्यात न्यूट्रलायझरच्या त्या दोन ट्यूबा ई. कोलाय के-१२ वर लावून घे आणि आकडे आले की सरासरी न काढता कच्चेच, प्रत्येक प्लेटचे, तारखेसकट वहीत लिही. मार्गदर्शक झोनच हवेत म्हणाले तर झोन परिशिष्टात टाक, पण निष्कर्ष २० सेकंदांच्या आकड्यांवरून काढ.